अल्फा, बीटा, गॅमाचं बारसं करणारा शिक्षक : अर्नेस्ट रुदरफोर्ड



किरणोत्साराचा धडा आला की त्यात एक तक्ता हमखास असतो. अल्फा, बीटा, गॅमा असे तीन रकाने. कोणाचा प्रभार धन, कोणाचा ऋण, कोण कागदाने अडतो, कोणाला शिसं लागतं. मुलं हा तक्ता पाठ करतात, पेपरात लिहितात आणि सुट्टी लागली की विसरतात. यात मुलांची चूक नाही. तक्त्यामागची गोष्ट त्यांना कोणी सांगितलेलीच नसते.

ज्या माणसाने हा तक्ता मांडायला सुरुवात केली, त्याच्यासमोर कुठलंही पुस्तक नव्हतं. डोळ्यांना न दिसणारे किरण होते आणि एक साधा प्रश्न होता : यांना अडवायला किती जाड वस्तू लागते? एवढ्या एका प्रश्नावरून पुढे अणूचं सगळं घर उघडलं. त्या माणसाचं नाव अर्नेस्ट रुदरफोर्ड. आज त्यांचं चरित्र पाहू, आणि चरित्र पाहता पाहता किरणोत्सारही समजून घेऊ.

रुदरफोर्ड निवडण्याचं आणखी एक कारण आहे. तरुणपणी त्यांनी शाळेत कायमची शिक्षकाची नोकरी मिळावी म्हणून तीन वेळा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा ती मिळाली नाही. पुढे मात्र जगातले अनेक नामवंत शास्त्रज्ञ त्यांच्या हाताखाली तयार झाले. म्हणजे हे आपल्याच पेशातल्या एका माणसाचं चरित्र आहे असं म्हणायला हरकत नाही.

बारा भावंडांचं घर

अर्नेस्टचा जन्म ३० ऑगस्ट १८७१ रोजी न्यूझीलंडमधल्या नेल्सन शहराजवळच्या ग्रामीण भागात झाला. वडील जेम्स लहानपणी स्कॉटलंडहून तिथे आलेले. गाड्यांची चाकं बनवणं, शेती, पुढे अंबाडीसारख्या एका वनस्पतीपासून धागा काढण्याची गिरणी, असं पडेल ते काम त्यांनी केलं. आई मार्था इंग्लंडहून आलेली. लग्नाआधी ती शाळेत शिक्षिका होती. घरात बारा मुलं, त्यातला अर्नेस्ट चौथा. गाईंची धार काढणं, लाकडं आणणं, बटाटे खणणं ही कामं सगळ्याच मुलांच्या वाट्याला होती. पैसा बेताचा, पण मुलांच्या अभ्यासावर आईची बारीक नजर असायची.

दहा वर्षांचा असताना अर्नेस्टच्या हातात विज्ञानाचं पहिलं पुस्तक आलं. भौतिकशास्त्राची ओळख करून देणारं ते छोटं पुस्तक होतं. घरच्या घरी करता येतील असे प्रयोग त्यात होते. आपल्या वर्गातली मुलं कृती म्हटल्यावर जशी खूश होतात, तसंच त्याचं झालं असणार.

या घराने दुःखही पाहिलं. एक भाऊ तान्हा असतानाच डांग्या खोकल्याने गेला. पुढे १८८६ मध्ये दोन भाऊ समुद्रात बुडून मरण पावले. अशा घरातून एका मुलाला शिकायला लांब पाठवणं आईवडिलांना किती जड गेलं असेल, ते पालकांना वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या प्रयत्नातलं यश

रुदरफोर्ड म्हटलं की जन्मजात हुशार, पहिला नंबर सोडला नाही असं चित्र डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात नेल्सन कॉलेज या शाळेची शिष्यवृत्ती त्याला १८८७ मध्ये दुसऱ्या प्रयत्नात मिळाली. पुढे विद्यापीठाची शिष्यवृत्तीही दुसऱ्याच प्रयत्नात मिळाली. या दोन्ही वेळा घरच्यांनी आता पुरे म्हटलं असतं, तर अर्नेस्ट बहुधा वडिलांच्या गिरणीतच काम करत राहिला असता.

क्राइस्टचर्च इथल्या कँटरबरी कॉलेजात त्याने गणित आणि भौतिकशास्त्र या दोन्ही विषयांत पहिल्या वर्गात एम.ए. केलं. रेडिओ लहरी ओळखण्याचं एक उपकरणही तिथेच बनवलं. पण शिक्षकाची कायमची नोकरी काही मिळेना. वैद्यकीय शिक्षणाचा विचारही मनात येऊन गेला.

शेवटी इंग्लंडमध्ये संशोधन करण्यासाठीच्या एका शिष्यवृत्तीसाठी त्याने अर्ज केला. न्यूझीलंडला ती एकच मिळणार होती आणि तिच्यासाठी निवड झाली दुसऱ्याच एका रसायनशास्त्रज्ञाची. त्या गृहस्थांना ती घेता आली नाही म्हणून ती रुदरफोर्डकडे आली. ही बातमी आली तेव्हा तो घरच्या शेतात बटाटे खणत होता, आणि हातातलं खोरं टाकून हा आपण खणलेला शेवटचा बटाटा असं तो म्हणाला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली, १८९५ मध्ये चोवीस वर्षांचा हा शेतकऱ्याचा मुलगा केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत पोहोचला हे मात्र खरं. तिथे त्याला जे. जे. थॉमसन यांच्यासारखे गुरू मिळाले. इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे ते हेच थॉमसन.

कपाटात राहिलेली काच

रुदरफोर्ड केंब्रिजला आले आणि त्याच वर्षाच्या शेवटी जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. पाठोपाठ १८९६ मध्ये पॅरिसमध्ये हेन्री बेक्रेल यांना एक विचित्र गोष्ट दिसली. युरेनिअमच्या क्षारावर ऊन पडलं की त्यातून असेच काही किरण निघतात का, हे ते पाहत होते. त्यांनी फोटोची काच काळ्या कागदात गुंडाळली, वर क्षार ठेवला आणि उन्हाची वाट पाहिली. पण दोन-चार दिवस आभाळ भरलेलं. त्यांनी सगळं कपाटाच्या खणात ठेवून दिलं. नंतर ती काच धुतली, तर ऊन न लागताही तिच्यावर क्षाराचा ठसा स्पष्ट उमटलेला!

म्हणजे युरेनिअममधून आपोआप काहीतरी बाहेर पडत होतं. ऊन नको, उष्णता नको, वीज नको. १८९८ मध्ये मेरी आणि पिएर क्यूरी यांनी पोलोनिअम आणि रेडिअम ही दोन नवी मूलद्रव्यं शोधली. आपण ज्याला किरणोत्सारिता म्हणतो, त्याचं युरोपीय भाषांतलं नाव याच दांपत्याने दिलं.

आता प्रश्न होता तो म्हणजे हे बाहेर पडणारं आहे तरी काय? सगळे किरण एकाच जातीचे की वेगवेगळ्या?

किती पत्रे लागतात?

रुदरफोर्ड यांनी केलेला प्रयोग पाचवीच्या मुलालाही समजेल असा आहे. त्यांनी एका धातूच्या पट्टीवर युरेनिअमची पूड पसरली. वर थोड्या अंतरावर दुसरी पट्टी धरली. युरेनिअमच्या किरणांमुळे मधल्या हवेतून बारीकसा विद्युतप्रवाह वाहू लागतो. तो किती आहे ते मोजलं की किरणांची तीव्रता कळते. मग त्यांनी पुडीवर ॲल्युमिनिअमचा अगदी पातळ पत्रा ठेवला. मोजलं. दुसरा पत्रा ठेवला, मोजलं. तिसरा, चौथा, असं करत गेले.

पहिल्या काही पत्र्यांतच प्रवाह झपाट्याने कमी झाला. किरण एकाच जातीचे असते, तर पुढच्या पत्र्यांनी तो तसाच कमी होत संपायला हवा होता. पण तसं झालं नाही. एका टप्प्यानंतर आणखी पत्रे ठेवले तरी फारसा फरक पडेना. उरलेले किरण पत्रे भेदून आरामात वर येत होते. धान्य चाळताना आपण हेच पाहतो. काही कण चाळणीत अडकतात, काही सहज खाली जातात. त्यावरून दाण्यात दोन प्रकार मिसळलेले आहेत हे न बघताही कळतं.

लवकर अडणाऱ्या किरणांना रुदरफोर्ड यांनी अल्फा म्हटलं, जास्त आत घुसणाऱ्यांना बीटा. ग्रीक वर्णमालेतली ही पहिली दोन अक्षरं. आपल्याकडे अ गट, ब गट म्हणावं तसं. हे काम १८९९ मध्ये छापून आलं. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल विलार्ड यांना त्याहूनही आत घुसणारे किरण सापडले. १९०३ मध्ये रुदरफोर्ड यांनी त्यांना तिसरं अक्षर दिलं, गॅमा. बारसं असं तीन टप्प्यांत झालं!

आज आपल्याला या तिघांबद्दल काय माहीत आहे, ते थोडक्यात पाहू.

अल्फा : हा दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांचा घट्ट गोळा. म्हणजेच हेलिअमच्या अणूचं केंद्रक. प्रभार धन. आकाराने जड, त्यामुळे वाटेत भेटेल त्या अणूला धडकत जातो आणि लवकर थकतो. हवेत काही सेंटिमीटर गेला की थांबतो. साधा कागद किंवा आपल्या कातडीचा वरचा थर त्याला अडवतो. पण अल्फा किरण सोडणारा पदार्थ श्वासातून किंवा अन्नातून पोटात गेला, तर तोच सगळ्यांत घातक ठरतो, कारण सगळी ताकद तो जवळच्या पेशींवरच खर्च करतो.

बीटा : हा वेगाने धावणारा इलेक्ट्रॉन. प्रभार ऋण. अल्फापेक्षा हजारो पटींनी हलका, म्हणून जास्त दूर जातो. काही मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनिअमचा पत्रा त्याला थांबवतो.

गॅमा : हा कण नाही. प्रकाश आणि क्ष-किरण यांच्याच कुटुंबातली, पण खूप जास्त ऊर्जेची ही लहर आहे. तिला प्रभार नाही. चुंबकाजवळून नेली तर अल्फा एका बाजूला वळतो, बीटा दुसऱ्या बाजूला, गॅमा मात्र सरळ जाते. तिची तीव्रता कमी करायला शिशाचा जाड थर किंवा काँक्रीटची भिंत लागते.

मूलद्रव्य बदलतं!

१८९८ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, रुदरफोर्ड कॅनडातल्या मॉन्ट्रिअल इथल्या मॅकगिल विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथली प्रयोगशाळा उत्तम होती. एका तंबाखू उद्योजकाने तिच्यासाठी मोठी देणगी दिली होती. दोन वर्षांनी ते न्यूझीलंडला जाऊन मेरी न्यूटन हिच्याशी लग्न करून आले. शिकत असताना ते ज्या घरी राहत, त्या घरची ही मुलगी. इतकी वर्षं ती थांबली होती.

मॅकगिलमध्ये थोरिअमवर काम चालू होतं. थोरिअमचं मोजमाप दर वेळी वेगळं येई. दार उघडलं, वाऱ्याची झुळूक आली, की आकडा बदलायचा. दुसरा कोणी असता तर उपकरण बिघडलं म्हणून सोडून दिलं असतं. रुदरफोर्ड यांनी वाऱ्याचाच माग काढला. थोरिअममधून एक किरणोत्सारी वायू बाहेर पडत होता आणि झुळकेबरोबर तो उडून जात होता. तो वायू साठवून पाहिला, तर त्याची तीव्रता साधारण एका मिनिटात निम्मी व्हायची. आणखी एका मिनिटात निम्म्याची निम्मी. या निम्मं होण्याच्या काळाला आपण अर्धायुष्य काल म्हणतो.

फ्रेडरिक सॉडी हा तरुण रसायनशास्त्रज्ञ त्यांच्या जोडीला आला. वायू तपासल्यावर लक्षात आलं, की हे थोरिअम नाहीच, हे पूर्ण वेगळं मूलद्रव्य आहे. म्हणजे एका मूलद्रव्याचं दुसऱ्यात रूपांतर होत होतं. सॉडी आनंदाने ओरडला आणि रूपांतर हा शब्द त्याच्या तोंडून गेला. त्यावर रुदरफोर्ड यांनी त्याला गप्प केलं म्हणतात. हा शब्द कोणी ऐकला तर लोक आपल्याला लोखंडाचं सोनं करणारे किमयागार समजून हसतील, अशी त्यांना भीती होती. भीती बरोबरच होती. अणू अविभाज्य आहे, मूलद्रव्य कधी बदलत नाही, असंच तोवर सगळे शिकत आणि शिकवत आले होते.

या रूपांतराचा हिशोब असा. युरेनिअमच्या केंद्रकात ९२ प्रोटॉन असतात. एक अल्फा बाहेर पडला की दोन प्रोटॉन गेले, उरले ९०. ९० प्रोटॉन म्हणजे थोरिअम. बीटा बाहेर पडताना केंद्रकातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, म्हणून अणुअंक एकने वाढतो. गॅमा बाहेर पडली तर मूलद्रव्य तेच राहतं, फक्त जादा ऊर्जा निघून जाते. वजाबाकी-बेरीज येणाऱ्या मुलाला हे गणित सहज जमतं. प्रोटॉन, न्यूट्रॉन हे शब्द मात्र त्या वेळी अजून जन्मालाही आले नव्हते.

मॅकगिलमधली त्यांची पहिली पदव्युत्तर विद्यार्थिनी हॅरिएट ब्रुक्स. थोरिअममधून निघणाऱ्या त्या वायूवर तिने महत्त्वाचं काम केलं. पुढे ती अमेरिकेत एका महिला महाविद्यालयात शिकवत असताना तिचं लग्न ठरलं, तर लग्न करायचं असेल तर राजीनामा द्या असं तिला सांगण्यात आलं. रुदरफोर्ड मात्र तिचं नाव मेरी क्यूरी यांच्या खालोखाल घेत. मुलींच्या वर्गात हे नाव जरूर सांगावं.

चिंचोक्यांनी शिकूया अर्धायुष्य

अर्धायुष्य काल मुलांना अवघड जातो. त्यासाठी एक कृती. चिंचोके फोडून त्यांच्या ६४ डाळी घ्या. एक बाजू काळपट, एक पांढरी. (चिंचोके नसतील तर नाणी चालतील.) सगळ्या एकदम उधळा. पांढरी बाजू वर आलेल्या डाळी बाजूला काढा, उरलेल्या मोजा आणि फळ्यावर आकडा लिहा. उरलेल्या पुन्हा उधळा. असं पाच-सहा वेळा करा.

आकडे साधारण ६४, ३२, १६, ८ असे उतरत जातील. नेमकं निम्मं येणार नाही, तेही मुलांना दिसू द्या. आता विचारा, पुढच्या वेळी नेमकी कोणती डाळ पांढरी पडेल? कोणालाच सांगता येणार नाही. पण साधारण किती पडतील ते सगळ्यांना सांगता येईल. किरणोत्सारी अणूंचं अगदी असंच असतं. आणि बाजूला काढलेल्या डाळी फेकू नका, त्यांचा वेगळा ढीग करा. ते अणू नाहीसे झालेले नाहीत, त्यांचं दुसरं मूलद्रव्य झालं आहे.

या अर्धायुष्यातूनच खडकांचं वय मोजण्याची वाट सापडली. लॉर्ड केल्विन या ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी पृथ्वी थंड होण्याच्या वेगावरून तिचं वय दोन ते चार कोटी वर्षं ठरवलं होतं. १९०४ मध्ये लंडनच्या व्याख्यानात रुदरफोर्ड यांना याच्या विरुद्ध बोलायचं होतं आणि खुद्द केल्विन समोर बसलेले! आधी म्हाताऱ्यांचा डोळा लागलेला, पण नेमक्या मुद्द्याला ते जागे झाले. रुदरफोर्ड यांनी प्रसंग ओळखला. उष्णतेचा नवा स्रोत सापडला नाही तरच आपला हिशोब खरा, असं केल्विन यांनीच म्हणून ठेवलं होतं आणि तो स्रोत म्हणजेच आजचा रेडिअम, असं त्यांनी सांगितलं. म्हाताऱ्यांचा चेहरा खुलला. हा किस्सा रुदरफोर्ड पुढे स्वतःच रंगवून सांगत. आज पृथ्वीचं वय सुमारे ४५० कोटी वर्षं मानलं जातं, तेही किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या आधारेच.

अणूच्या पोटात

१९०७ मध्ये रुदरफोर्ड इंग्लंडमधल्या मँचेस्टरला आले. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं, आणि तेही रसायनशास्त्राचं! मूलद्रव्यांची अनेक रूपांतरं पाहिली, पण भौतिकशास्त्रज्ञाचा एका क्षणात रसायनशास्त्रज्ञ झाला हे सगळ्यांत झटपट रूपांतर, अशी थट्टा ते करत.

त्याच सुमारास थॉमस रॉइड्सबरोबर त्यांनी अल्फा म्हणजे हेलिअमच हे सिद्ध केलं. अल्फा कण आरपार जातील इतक्या पातळ काचेच्या नळीत किरणोत्सारी वायू भरला आणि ती नळी दुसऱ्या रिकाम्या नळीत ठेवली. काही दिवसांनी बाहेरच्या नळीत हेलिअम सापडला.

मग आला सोन्याच्या वर्खाचा प्रयोग. हान्स गायगर आणि विशीतला विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडेन अतिशय पातळ वर्खावर अल्फा कण सोडत होते. पलीकडे एक पडदा. त्यावर कण आदळला की बारीकशी ठिणगी चमके. ती मोजायला अंधारात डोळे सरावेपर्यंत बसून राहावं लागे. बहुतेक कण सरळ पार होत. मार्सडेनला सरावासाठी काही काम द्यावं म्हणून रुदरफोर्ड यांनी त्याला सांगितलं, एखादा कण उलटा मागे येतो का तेही बघ. येणार नाही, अशीच त्यांची अपेक्षा होती. पण हजारोंपैकी एखादा कण खरंच मागे फिरला!

विद्यार्थ्याने आणलेल्या या निकालावर रुदरफोर्ड जवळजवळ दोन वर्षं विचार करत राहिले. १९११ मध्ये त्यांनी उत्तर मांडलं. अणू बराचसा पोकळ आहे. त्याचा सगळा धनप्रभार आणि जवळजवळ सगळं वस्तुमान मधोमध एका अतिशय लहान केंद्रकात आहे. अणू क्रिकेटच्या मैदानाएवढा मानला, तर केंद्रक वाटाण्याच्या दाण्याएवढं. मागे फिरलेले कण या दाण्याच्या अगदी जवळ गेलेले होते. किरणोत्सार येतो तोही याच दाण्यातून.

मग आलं पहिलं महायुद्ध. मूलद्रव्यांच्या अणुअंकाचा अर्थ लावणारा त्यांचा गुणी विद्यार्थी हेन्री मोझली १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत ठार झाला. वय अवघं सत्तावीस. जेम्स चॅडविक जर्मनीत अडकला आणि युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिला. गायगर शत्रूच्या बाजूला होता. मँचेस्टरची प्रयोगशाळा रिकामी झाली. रुदरफोर्ड पाणबुड्या ओळखण्याच्या कामाला लागले, आणि उरलेल्या वेळात मदतनीसाला घेऊन नायट्रोजनवर अल्फा कणांचा मारा करत राहिले. त्यातून हायड्रोजनची केंद्रकं बाहेर पडली. १९१९ मध्ये हे जाहीर झालं. माणसाने मुद्दाम घडवलेलं हे मूलद्रव्याचं पहिलं रूपांतर. त्या केंद्रकाला त्यांनी पुढे प्रोटॉन नाव दिलं.

सहा वाजले, घरी जा

१९१९ मध्येच रुदरफोर्ड कॅव्हेंडिशचे प्रमुख झाले, म्हणजे ज्या प्रयोगशाळेत विद्यार्थी म्हणून आले तिथेच गुरूंच्या जागी बसले. आवाज खणखणीत, राग पटकन येणारा आणि पटकन जाणारा. संध्याकाळी सहा वाजता प्रयोगशाळा बंद झालीच पाहिजे असा त्यांचा दंडक होता. घरी जाऊन विचार करा, हा त्यामागचा उद्देश. सकाळ-संध्याकाळ कामच करणाऱ्या एका विद्यार्थ्याला, मग तू विचार कधी करतोस असं त्यांनी विचारल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. शाळा, शिकवणी आणि पुन्हा शिकवणी यांत मुलांचा दिवस संपवणाऱ्या आपण सर्वांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

केंद्रकात प्रभार नसलेला एक कण असावा असा अंदाज त्यांनी १९२० मध्ये मांडला. बारा वर्षांनी, १९३२ मध्ये, त्यांच्याच चॅडविकने तो शोधला. तोच न्यूट्रॉन. त्याच वर्षी कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन या विद्यार्थ्यांनी यंत्राने वेगवान केलेल्या प्रोटॉनच्या साहाय्याने लिथिअमचं केंद्रक फोडलं. सॉडी, बोर, हेवेसी, हान, चॅडविक, ब्लॅकेट, कॉकक्रॉफ्ट, वॉल्टन, कापित्सा यांनी कधी ना कधी रुदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत काम केलं आणि या सगळ्यांना पुढे नोबेल मिळालं. प्योत्र कापित्सा हा रशियन विद्यार्थी १९३४ मध्ये मायदेशी गेला तेव्हा सरकारने त्याला परत येऊ दिलं नाही. रुदरफोर्ड यांनी सुटकेसाठी खटपट केली. ती जमेना, तेव्हा त्याचं काम थांबू नये म्हणून त्याची केंब्रिजची यंत्रं रशियाला पाठवण्याची व्यवस्था केली. हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडाव्या लागलेल्या विद्वानांना मदत करणाऱ्या संस्थेचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं.

एकुलती एक मुलगी आयलीन डिसेंबर १९३० मध्ये चौथ्या बाळंतपणानंतर वारली. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना लॉर्ड हा किताब मिळाला. त्यांनी न्यूझीलंडला आईला तार केली, की हा मान माझ्यापेक्षा तुझा जास्त आहे. ती एकेकाळची शिक्षिका तेव्हा नव्वदीच्या घरात होती.

१९ ऑक्टोबर १९३७ रोजी, हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी रुदरफोर्ड यांचं केंब्रिजमध्ये निधन झालं. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत न्यूटन यांच्या समाधीजवळ त्यांच्या अस्थी ठेवल्या आहेत. जानेवारी १९३८ मध्ये कोलकात्याला भारतीय विज्ञान काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवी अधिवेशनाचं अध्यक्षपद ते भूषवणार होते. तो योग राहून गेला. पण मुंबईचे होमी भाभा त्यांच्या काळात कॅव्हेंडिशमध्ये शिकले आणि पुढे त्यांनीच भारताच्या अणुसंशोधनाचा पाया घातला. १०४ प्रोटॉन असलेल्या मूलद्रव्याला आज रुदरफोर्डिअम म्हणतात.

रेडिएशन म्हटलं की भीती का वाटते?

पालक नेहमी विचारतात म्हणून थोडं याबद्दलही. रेडिएशन हा एकच शब्द आपण मोबाइल, क्ष-किरण आणि अणुभट्टी या सगळ्यांसाठी वापरतो. मोबाइलच्या लहरी केंद्रकातून येत नाहीत आणि अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जाही त्यांच्यात नसते. क्ष-किरणांत ती असते, म्हणून क्ष-किरण डॉक्टरांनी सांगितल्यावरच काढायचे. अल्फा, बीटा, गॅमा केंद्रकातून येतात. माती, खडक, केळ्यातलं पोटॅशिअम, आपलं शरीर यांतूनही ते अगदी थोड्या प्रमाणात सतत येत असतात.

मोठी मात्रा मात्र जीवघेणी असते. मेरी क्यूरी यांना उतारवयात रक्ताचा गंभीर आजार झाला, त्यामागे वर्षानुवर्षांचा किरणोत्सार होता असं मानलं जातं. आणि हेच किरण मोजून-मापून वापरले तर कर्करोगावर उपचार होतात. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून गॅमा किरण देण्याची सोय आहे, अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यांवरही तिथे ही प्रक्रिया होते. यात कांदा किंवा आंबा स्वतः किरणोत्सारी होत नाही. उन्हात ठेवलेली वस्तू घरात आणल्यावर प्रकाश देत नाही, तसंच हे.

तेव्हा कोणी रेडिएशन म्हटलं, की मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवा : कोणता प्रकार? किती मात्रा? आणि अडवायला काय लागतं? यातला शेवटचा प्रश्न रुदरफोर्ड यांचाच. पुढच्या वेळी हा धडा घ्याल तेव्हा तक्ता फळ्यावर लिहिण्याआधी पातळ पत्र्यांची गोष्ट सांगा आणि तक्त्याचे रकाने मुलांनाच भरू द्या. चिंचोक्यांची कृती केलीत तर तुमच्या वर्गात आकडे कसे आले तेही जरूर कळवा.